खरं काय ते लिही : मारिया थेरेसाची मुलग्यांना पत्रं



ज्या डॉक्टरीणबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या परिसरातल्या बायकांची बाळंतपणं केली आणि पोरांचे ताप उतरवले. त्यांच्या नावाने उभं राहून आई, मूल आणि आजारपण सोडून भलत्याच विषयावर बोलणं मला बरं वाटेना. म्हणून मी एक आई निवडली. ती आपल्या मुलखातली नाही. अठराव्या शतकात ती व्हिएन्नामध्ये राहत होती आणि ऑस्ट्रिया, हंगेरी, बोहेमिया, लोंबार्डी एवढ्या सगळ्या मुलखावर तिचं राज्य होतं. तिचं नाव मारिया थेरेसा. जन्म १७१७, मृत्यू १७८०. शाळेत आपण तिचं नाव वाचलं असेल ते लढायांच्या संदर्भात. तिने प्रशियाच्या फ्रेडरिकशी दोन मोठी युद्धं केली आणि सायलेशिया गमावला, तो तिला कधीच परत मिळाला नाही. आज मी त्यांपैकी काहीच सांगणार नाही. मी सांगणार आहे ती तिने आपल्या मुलग्यांना लिहिलेल्या पत्रांविषयी.

तिची पत्रं आल्फ्रेड फॉन आर्नेट या इतिहासकाराने १८८१ मध्ये चार खंडांत छापली. ती बहुतेक फ्रेंचमध्ये आहेत, कारण त्या काळी राजघराण्यांची बोलायची आणि लिहायची भाषा तीच होती. बाईंचं फ्रेंच शुद्धलेखन यथातथाच होतं आणि वाक्यं एकमेकांत घुसतात. त्यांत राज्यकारभार आहे, नाही असं नाही. पण पानामागून पान उलटत गेलं की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. तब्येत कशी आहे? झोप लागते का? ताप किती दिवस होता? सूनबाईंना दिवस गेलेत का? बाळाला दात आले का? आणि हे सगळं मला खरं खरं का लिहून कळवत नाहीस?

राज्य करणारी बाई हे का विचारते? तिला दुसरा उद्योग नव्हता का? उद्योग इतका होता की पहाटेपासून कागदांवर सह्या चालत. तरीही दूर गेलेल्या मुलाला ती आठवड्याला पत्र घालत असे. माझं म्हणणं असं आहे की आरोग्याच्या या चौकश्या म्हणजे राजकारणाच्या कडेला उरलेली रिकामी जागा नव्हे. तिच्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाने शिकलेला धडा त्या चौकश्यांत आहे. आणि तिची मुलांवरची सगळ्यात घट्ट पकडही त्यांतच आहे. या दोन गोष्टी एकाच लेखणीतून उतरतात आणि त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

आधी तिचं घर पाहू. १७३७ ते १७५६ या काळात, म्हणजे वीस वर्षं पुरी व्हायच्या आत, तिला सोळा मुलं झाली. अकरा मुली आणि पाच मुलगे. यांतली कितीतरी बाळंतपणं युद्ध चालू असताना झाली. थोरला योझेफ जन्मला तो १७४१ च्या मार्चमध्ये, शत्रू सायलेशियात घुसलेला असताना. या सोळांपैकी सहा मुलं तिच्या डोळ्यांसमोर गेली. तीन अगदी लहानपणी. मग दुसरा मुलगा कार्ल योझेफ, सोळाव्या वर्षाच्या आत, १८ जानेवारी १७६१ ला, देवीच्या रोगाने.

ही तारीख वाचली तेव्हा मी थांबलो. त्याच्या चारच दिवस आधी, १४ जानेवारीला, पानिपतावर विश्वासराव पडले होते. तिकडे व्हिएन्नात एक आई आणि इकडे पुण्यात एक आई, दोघींचे वयात येऊ घातलेले मुलगे एकाच आठवड्यात गेले. आपल्या गोपिकाबाईंचं पुढचं दुःख तुम्हाला ठाऊक आहे. थोरले माधवराव १७७२ मध्ये क्षयाने थेऊरला गेले, नारायणराव पुढच्याच वर्षी मारले गेले. त्याच गोपिकाबाई नंतर नाशिकजवळच्या गंगापूरहून नातवाला, सवाई माधवरावांना, दिनचर्या कशी ठेवावी, कसं वागावं याचा उपदेश लिहून पाठवतात. या दोन बायकांना एकमेकींचं नावही माहीत असण्याचं कारण नाही. पण ज्या बाईने पोटची मुलं एकामागून एक गमावली आहेत, तिने उरलेल्यांच्या झोपण्याउठण्याची चौकशी करावी यात नवल ते काय?

आता १७६७ या सालाकडे येऊ. तिच्या पत्रांतल्या काळजीला जी धार आहे ती या एका वर्षात आली, असं मला वाटतं.

योझेफची पहिली बायको इझाबेला १७६३ मध्ये देवीनेच गेली होती. त्याचं तिच्यावर विलक्षण प्रेम होतं. मग आईच्या आग्रहाखातर त्याने बव्हेरियाच्या योझेफाशी लग्न केलं आणि त्या बिचारीकडे कधी वळून पाहिलं नाही. ही दुसरी सून मे १७६७ मध्ये देवीने आजारी पडली. सासूने तिला दूर ठेवलं नाही, तिला भेटली, तिला जवळ घेतलं. सून २८ मेला गेली. तोवर मारिया थेरेसाच्या अंगावर पुरळ उठले होते. ती पन्नास वर्षांची होती, अंगाने स्थूल झाली होती. १ जूनला तिला मरणासन्न माणसाला देतात ते संस्कार दिले गेले. ती वाचली.

वाचली, आणि ऑक्टोबरमध्ये तिची सोळा वर्षांची मुलगी योझेफा देवीने गेली. नेपल्सच्या राजाशी तिचं लग्न ठरलं होतं, निघायची तयारी झाली होती. आणखी एक मुलगी, एलिझाबेथ, घरातली सगळ्यात देखणी म्हणून नावाजलेली, त्याच वर्षी देवीने चेहरा विद्रूप होऊन उठली. तिचं लग्न मग कधीच झालं नाही.

योझेफाच्या मृत्यूविषयी एक गोष्ट पुस्तकांमधून वारंवार सांगितली जाते. प्रवासाला निघण्याआधी आईने तिला कापुचिन मठाच्या तळघरात, राजघराण्याच्या शवपेट्यांपाशी, प्रार्थनेला नेलं. तिथे नुकत्याच गेलेल्या भावजयीची शवपेटी होती आणि तिथूनच मुलीला लागण झाली, असं म्हणतात. दोष आईकडे गेला. पण देवीचा रोग अंगात शिरल्यापासून ताप यायला दहाबारा दिवस लागतात, आणि ही मुलगी तळघरातून आल्यावर दोनच दिवसांत आजारी पडली. म्हणजे तळघरात जाण्याआधीच रोग तिच्या अंगात होता. अडीचशे वर्षं एका आईच्या माथी मारलेला हा दोष वैद्यकाच्या साध्या हिशोबाने पुसला जातो. आज इथे तो पुसून टाकावा, एवढ्यासाठी मी हे सांगितलं.

मग त्या आईने काय केलं? नवस केले, मेजवान्या बंद केल्या, प्रार्थना केल्या. पण त्याबरोबर तिने आणखी एक केलं आणि तेच मला फार मोठं वाटतं. तिने आपलं मत बदललं.

तिचा राजवैद्य होता गेरार्ड व्हान स्वीटेन. हॉलंडचा माणूस, लायडनच्या बूरहाव्हेचा शिष्य, १७४५ मध्ये व्हिएन्नात आलेला. तिचा त्याच्यावर अतोनात विश्वास होता. वैद्यकशिक्षणाची घडी त्याने नव्याने बसवली. मोराव्हियात लोक पिशाच्चांच्या भीतीने थडगी उकरून प्रेतं जाळत होते, तेव्हा १७५५ मध्ये त्याने चौकशी केली आणि हा सगळा भ्रम आहे असं लिहून दिलं. राणीने ती उकराउकरी हुकूम काढून बंद केली. तिच्या जेवणाच्या बाबतीतही तो तिला सोडत नसे. ती जे जे खाई त्यातला वाटा त्याने एका बादलीत टाकायला लावला आणि शेवटी ती बादली तिच्यापुढे ठेवली, असं सांगतात. इतका जवळचा आणि इतका डोळस माणूस. पण देवी टोचण्याच्या बाबतीत तो साशंक होता. व्हिएन्नातला दुसरा मोठा वैद्य आंतोन द हाएन तर उघड विरोधात होता.

आणि त्यांची शंका अगदीच निराधार होती का? नाही. जेन्नरची गायीच्या देवीची लस अजून जगात आलेली नव्हती, ती १७९६ ची. त्यापूर्वीची पद्धत अशी की देवीच्या सौम्य रोग्याच्या फोडातलं द्रव्य घ्यायचं आणि निरोगी माणसाच्या दंडावर ओरखडा काढून त्यात घालायचं. त्याला खरीच देवी होई, पण बहुधा सौम्य. आपल्याकडे बंगालात टीकादार हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. हॉलवेल नावाच्या कंपनीच्या माणसाने त्याचं वर्णन लिहून लंडनच्या वैद्यांपुढे ठेवलं ते नेमकं याच १७६७ साली. तुर्कस्तानात लेडी मेरी माँटेग्यूने ही पद्धत पाहिली आणि १७१८ मध्ये आपल्या मुलाला टोचून घेतलं. म्हणजे पूर्वेकडच्या वैदू आणि म्हाताऱ्या बायांच्या हातातली विद्या आता युरोपच्या राजवाड्यापर्यंत पोचली होती. आपोआप आलेल्या देवीत शंभरांतली वीसतीस माणसं दगावत. टोचलेल्यांतली एकदोन दगावत. पण ती एकदोन कोणाच्या घरची?

विचार करा. रोगाने मूल गेलं तर आई दैवाला बोल लावू शकते. आपण होऊन टोचायला लावलं आणि मूल गेलं, तर कोणाला बोल लावणार? सगळ्या आईबापांपुढचा हा प्रश्न आहे आणि तो आजही संपलेला नाही.

तिने इंग्लंडच्या राजाकडे विचारणा केली. तिथून यान इंगेनहाउझ नावाचा डच डॉक्टर १७६८ मध्ये व्हिएन्नात आला. सप्टेंबरमध्ये त्याने तिच्या दोन धाकट्या मुलग्यांना, चौदा वर्षांच्या फर्डिनांडला आणि अकरा वर्षांच्या माक्सिमिलिअनला, टोचलं. योझेफच्या सहा वर्षांच्या मुलीलाही टोचलं. तिघंही सुखरूप उठली. इंगेनहाउझला वर्षाला पाच हजार गुल्डनची तहहयात नेमणूक मिळाली. पुढे तो फ्लॉरेन्सला गेला आणि तिथे राज्य करत असलेल्या लिओपोल्डलाही त्याने टोचलं. झाडाची हिरवी पानं उजेडात हवा शुद्ध करतात हे १७७९ मध्ये प्रयोगांनी दाखवून देणारा इंगेनहाउझ तो हाच.

इथे एक गोष्ट मी दडवणार नाही. राजपुत्रांना टोचण्याआधी ही पद्धत गरीब घरांतल्या मुलांवर करून पाहिली गेली. त्या मुलांनाही आया होत्या. त्यांनी काय विचार केला, कोणत्या गरजेपोटी होकार दिला, रात्रभर कशा जागल्या, हे सांगणारी पत्रं आपल्याकडे नाहीत. राणीची पत्रं चार खंडांत आहेत आणि त्या आयांचं एक अक्षर नाही. ज्या धैर्याचं मी आत्ता कौतुक केलं, त्याची आगाऊ किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरांनी मोजली होती. हे कौतुक कमी करू नका, पण हेही विसरू नका.

मित्रहो, आता पत्रांकडे वळतो. पाच मुलग्यांतले चार उरले. योझेफ तर एकाच राजवाड्यात राहत होता आणि बाप गेल्यावर १७६५ पासून आईच्या बरोबरीने राज्य करत होता. तरी ही मायलेकरं एकमेकांना पत्रं लिहीत, कारण समोरासमोर बसली की भांडत. १७६६ मधलं तिचं एक पत्र फार विलक्षण आहे. योझेफने कोणाला तरी जिव्हारी लागेल असं लिहिलं होतं. आई त्याला सांगते की तुझी बुद्धी, तुझा शब्दांचा चटका, यांवर तू इतका भाळला आहेस की माणसं तुझ्यापासून तुटतील आणि शेवटी तू एकटा उरशील. हे पत्र तब्येतीचं नाही, स्वभावाचं आहे. पण पोटातली भीती तीच आहे. माझ्या माघारी याचं कसं होईल?

लिओपोल्ड १७६५ मध्ये अठराव्या वर्षी टस्कनीचा ग्रँड ड्यूक होऊन फ्लॉरेन्सला गेला. त्याचं लग्न इन्सब्रुकला झालं, तेव्हा तो स्वतः आजारी होता, आणि लग्नानंतर तेराव्या दिवशी त्याचे वडील तिथेच एकाएकी गेले. ज्या मुलाचं लग्न आणि ज्या नवऱ्याचं मरण एकाच पंधरवड्यात पाहिलं, त्या मुलाला ती दूरदेशी पाठवत होती. सोबत लेखी सूचनांचा गठ्ठा दिला, आणि व्हान स्वीटेनच्या तालमीतला वैद्यही दिला.

नवरा गेल्यावर तिने उरलेली पंधरा वर्षं काळे कपडे घातले. तिच्या प्रार्थनापुस्तकात एक चिठ्ठी सापडली. तीत तिने आपल्या संसाराचा हिशोब मांडला होता, दिवस १०,७८१ आणि तास २,५८,७४४. एवढा सुखाचा संसार म्हणून ती तो मोजते. त्या नवऱ्याची दुसरीकडे प्रेमप्रकरणं होती आणि ती तिला ठाऊक होती, हे लक्षात घेऊन तो आकडा वाचा. मुलांना संसाराचा उपदेश करणारी ही बाई संसार म्हणजे काय ते पुरेपूर जाणत होती.

लिओपोल्डच्या घरचा सगळ्यात आनंदाचा प्रसंग सांगतो. १७६८ च्या फेब्रुवारीत त्याला पहिला मुलगा झाला, त्या घराण्याचा पुढचा वारस. खबर व्हिएन्नात पोचली तेव्हा नाटक चालू होतं. मारिया थेरेसा घरच्या कपड्यांत राजवाड्यातून थेट नाट्यगृहात आली आणि आपल्या जागेवरून खाली वाकून, व्हिएन्नाच्या गावठी बोलीत, पोल्डलला मुलगा झाला हो, असं सगळ्यांना ओरडून सांगितलं, अशी आठवण तिथे आजही सांगतात. मूल जन्मलं ती तारीख होती १२ फेब्रुवारी, तिच्या स्वतःच्या लग्नाची. नवरा जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. प्रजेसमोर आजी होण्याची तिला लाज वाटली नाही.

फर्डिनांडची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. चार खंडांचा मोठा भाग त्याला आणि त्याच्या बायकोला लिहिलेल्या पत्रांनी व्यापला आहे. सतरा वर्षांचा हा मुलगा ऑक्टोबर १७७१ मध्ये मिलानला गेला. तिथे त्याचं मोडेनाच्या एस्टे घराण्यातल्या मारिया बेआत्रिचेशी लग्न झालं. मुलगी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सासूने या सुनेला सगळ्यात जास्त माया दिली, असं पत्रं वाचून वाटतं. मुलाला दटावणी आणि सुनेला गोंजारणी, असा दोन सुरांतला पत्रव्यवहार. मुलगा आळशी आहे, वेळ वाया घालवतो, नोकरचाकरांशी फार सलगी करतो, उठण्याबसण्याला शिस्त नाही, ही तिची नित्याची तक्रार. सुनेला मात्र जप, थकू नकोस, काय वाटतं ते मला लिही.

या जोडप्याचं पहिलं मूल जगलं नाही. १७७३ मध्ये मुलगी झाली, तिला आजीचं नाव ठेवलं. त्या मधल्या काळातल्या पत्रांत ती सुनेवर वारसासाठी दडपण आणते, पण दुसरीकडे मूल गेलेल्या बाईशी कसं बोलावं हेही तिला कळतं, कारण ती त्या वाटेने सहा वेळा गेली होती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सासूचं पत्र वाचताना एवढी समज सापडते तेव्हा मन भरून येतं.

याच फर्डिनांडच्या लग्नात पंधरा वर्षांच्या मोझार्टचं नवं संगीतनाट्य झालं होतं. मुलाला वाटलं, याला नोकरीला ठेवावं. त्याने आईला विचारलं. डिसेंबर १७७१ मध्ये तिचं उत्तर आलं, की असल्या निरुपयोगी माणसांचं ओझं कशाला घेतोस, शिवाय त्याचं कुटुंबही मोठं आहे. जगभरच्या संगीतप्रेमींनी यासाठी तिला माफ केलेलं नाही आणि मीही करत नाही. पण हे वाक्य येतं कुठे? नव्याने संसार थाटलेल्या मुलाला खर्चाची जाणीव देताना. तिने मोझार्ट ऐकला होता, सहा वर्षांचा असताना तिच्या राजवाड्यात तो वाजवून गेला होता. पत्र लिहिताना मात्र तिला दिसत होतं ते फक्त मुलाच्या घरचं जमाखर्चाचं पान. काळजी इतकी घट्ट झाली की नजर अशी अरुंद होते.

आणि हाच माझा पुढचा मुद्दा आहे, तो मला सगळ्यात जड जातो.

तब्येत विचारणं आणि पाळत ठेवणं यांच्यामधली रेघ कुठे असते? फ्रान्सला गेलेल्या मुलीच्या, मारी आंत्वानेतच्या, बाबतीत तिने ती रेघ केव्हाच ओलांडली. पॅरिसमधला तिचा राजदूत मर्सी मुलीच्या नकळत तिची सगळी हकिगत आईला कळवत असे. मासिक पाळी आली की नाही हेसुद्धा. पत्रांत त्या पाळीला एका सेनापतीबाईंचं टोपणनाव ठेवलं होतं. मुलग्यांच्या बाबतीत इतकं नाही झालं, पण त्यांच्या दरबारातली माणसं, वैद्य, शिक्षक, सगळे आईकडेही लिहीत. मुलाने पत्रात लिहावं मी बरा आहे, आणि आईच्या टेबलावर दुसरं पत्र असावं की तो तीन दिवस पडून होता. मग आई लिहिणार, तू मला खरं का सांगत नाहीस?

खरं का सांगत नाही? कारण खरं सांगितलं की उपदेश येतो. उपदेश येतो म्हणून मुलं खोटं लिहितात. मुलं खोटं लिहितात म्हणून आई दुसऱ्याला विचारते. दुसऱ्याला विचारलं हे कळलं की मुलं आणखी गप्प होतात. हे चक्र राजवाड्यातच फिरतं असं नाही. पुण्याहून न्यू जर्सीला रोज रात्री लागणाऱ्या व्हिडिओ कॉलवरही ते फिरतं. काय जेवलास, खोकला आहे का, चेहरा उतरलेला दिसतोय, आणि पलीकडून एकच उत्तर, सगळं ठीक आहे आई.

या घरात त्याचा शेवट कुठे झाला ते पाहा. लिओपोल्ड १७७८ मध्ये व्हिएन्नाला आला आणि बरेच महिने राहिला. त्या काळात त्याने सगळ्या कुटुंबाचं एक गुप्त टिपण लिहिलं. घरातल्या एकेकाविषयी त्याने निर्दयपणे लिहिलं. योझेफ, बहिणी, आणि आई. आईची स्मृती ढळत चालली आहे, तिला सगळ्यांचा संशय येतो, ती रागावते, रडते, थकली आहे, निरुत्साही झाली आहे. ज्याच्या ताप-सर्दीवर आयुष्यभर लक्ष ठेवलं, तोच मुलगा आता आईच्या म्हातारपणावर नजर ठेवून होता, लपून. ते वाचताना मला लिओपोल्डचा राग आला. नंतर वाटलं, हा हेच पाहत वाढला. जवळच्या माणसाचं बारकाईने निरीक्षण करायचं आणि कागदावर उतरवायचं, ही या घराची रीतच होती. पुढे याच माणसाने १७८६ मध्ये टस्कनीत मृत्युदंड रद्द केला. माणसं एका कागदावरून मोजता येत नाहीत, हे मी त्याच्यासाठीही म्हणतो.

माक्सिमिलिअनविषयी थोडक्यात. त्याला सैन्यात पाठवायचं ठरलं होतं. १७७८ च्या बव्हेरियाच्या युद्धात तो गेला आणि पायाच्या दुखण्याने ती वाट कायमची बंद झाली. आईने त्याला धर्मपीठाकडे वळवलं. त्याचं मन नव्हतं. पुढे तो कोलोनचा आर्चबिशप आणि इलेक्टर झाला, बॉन शहरात राहिला, आणि त्याच्या दरबारात वाढलेल्या एका मुलाला त्याने शिकायला व्हिएन्नाला पाठवलं. तो मुलगा बेटहोफेन. एका भावाला आईने मोझार्टपासून दूर ठेवलं, दुसऱ्याने आई गेल्यावर बेटहोफेनच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

त्याच युद्धाच्या वेळी योझेफ आघाडीवर होता, आणि आईने त्याला न विचारता, गुपचूप, फ्रेडरिककडे तहाचा दूत धाडला. योझेफ संतापला. राणी म्हणून हे बरोबर की चूक, ते इतिहासकार ठरवोत. मला त्यात दोन मुलगे युद्धात असलेली साठी ओलांडलेली बाई दिसते. पण तिचं मोठेपण गाताना तिचं कठोरपणही सांगायला हवं. १७४४ मध्ये तिने प्रागमधल्या ज्यूंना हद्दपार केलं होतं. तिथेही आया होत्या, लेकरं होती, आणि तो हिवाळा होता. स्वतःच्या घरातली माया सगळ्यांच्या घरापर्यंत आपोआप पोचत नाही.

तिचा स्वतःचा देह शेवटच्या वर्षांत तिला सोडून चालला होता. जिना चढवेना, दम लागे, अंगाचा दाह होई. भर थंडीत ती खिडक्या उघड्या टाकून लिहीत बसे. नवऱ्याच्या शवपेटीपाशी तळघरात उतरायला तिला दोरांवर चालणारी खुर्ची केली होती. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की मुलांना खरं लिहा म्हणून बजावणारी ही बाई स्वतःच्या दुखण्याविषयी फार कमी लिहीत असे. २९ नोव्हेंबर १७८० ला ती गेली. योझेफ आणि माक्सिमिलिअन जवळ होते, लिओपोल्ड आणि फर्डिनांड इटलीत.

फर्डिनांडला ही पत्रं कशी वाटत असतील? दर आठवड्याला एक, नऊ वर्षं. काही त्याने कंटाळून वाचली असतील, काही बायकोला वाचून दाखवली असतील, काही वाचून रागावलाही असेल. १७९६ मध्ये नेपोलियनची फौज मिलानवर चालून आली आणि त्याला बायकापोरांसह शहर सोडावं लागलं. सत्ता गेली, राजवाडा गेला. परत त्याला ते राज्य कधी मिळालं नाही, आणि १८०६ मध्ये तो व्हिएन्नात वारला. पण आळशी, बेशिस्त, खोटं लिहितो म्हणून आईने ज्याला वर्षानुवर्षं बोल लावले, त्या मुलाने तिच्या पत्रांचा गठ्ठा फेकला नव्हता, म्हणूनच आर्नेटला तो छापता आला.